टपालपेटीवरचं आडनाव

भाचीचं बँकेचं कार्ड परत गेलं. स्टुटगार्टला तिच्या इमारतीच्या दारापर्यंत आलेलं कार्ड. पाकिटावर नाव बरोबर, रस्ता बरोबर, घर नंबर बरोबर, पिनकोडचे पाचही आकडे बरोबर. तरी पोस्टमनने ते उचलून परत नेलं, कारण खालच्या टपालपेटीवर तिचं आडनाव नव्हतं. ज्या दोघांबरोबर ती राहते त्यांची दोन जर्मन आडनावं तिथे होती. तिसरं, आमचं शेवटी 'कर' असलेलं लांबलचक आडनाव तिथे लावायचं असतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. "मावशी, मी घरातच होते गं," ती फोनवर पुन्हा पुन्हा म्हणत होती, "त्याने बेल वाजवली असती तर मी पळत खाली गेले असते." पण बेल कुठली वाजवणार? तिकडे बहुतेक इमारतींत घरांना नंबरच नसतात, बेलच्या बटणांशेजारीही आडनावंच. आडनाव नाही म्हणजे बेल नाही, बेल नाही म्हणजे त्या इमारतीत असं माणूसच नाही. मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत. बहिणीच्या घरी गेलेल्या पोरीला दारातच आडनाव विचारतात ही मात्र कमाल झाली.

कार्ड काय, दुसरं येतं. तिनेही दोन दिवसांत हा विषय सोडून दिला. मलाच तो सुटेना. मी जन्मभर बँकेत काम केलं, त्यातली बरीच वर्षं ठाकूरद्वारच्या शाखेत, 'नवीन खाती' अशी पाटी असलेल्या काउंटरमागे. खातं उघडायला आलेलं माणूस काउंटरच्या पलीकडे कसं उभं राहतं हे मला पाठ आहे. फॉर्म उलटा धरलेला, एक हात कागदांच्या पिशवीवर, डोळे आपल्या पेनाकडे. त्या पलीकडच्या बाजूला आपल्याच घरातलं माणूस उभं असलं की कसं वाटतं, हे मात्र निवृत्त झाल्यावर कळत होतं.

तिची गाडी नेमकी कुठे अडली होती हे समजायला मला दोन-तीन रविवार लागले. व्हिडिओ कॉलवर ती सांगायची आणि मी जुन्या सवयीने कागदावर लिहून घ्यायची. शिकायला जाणाऱ्या मुलांना व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाची तजवीज दाखवावी लागते, आणि बहुतेक जण ती एका ब्लॉक्ड खात्यात पैसे भरून दाखवतात. तिच्या वेळी ही रक्कम ११,९०४ युरो होती, म्हणजे आपले अकरा लाखांच्या आसपास. ताईने एफडी मोडली, उरलेले एज्युकेशन लोनमधून आले. हे खातं इथे गोरेगावात बसून ऑनलाइन उघडलं, पैसेही इथूनच गेले, काही अडचण आली नाही. मेख पुढे आहे. त्यातून दर महिन्याला सुटतात ९९२ युरो, आणि ते जमा व्हायला तिकडचं स्वतःचं साधं खातं लागतं. ते खातं उघडायला बहुतेक बँका पत्त्याच्या नोंदणीचा दाखला मागतात. नोंदणी राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायची असा कायदा आहे, आणि त्या नोंदणीला घर देणाऱ्याने सही केलेला कागद लागतो. घर देणारा विचारतो, भाडं कुठल्या खात्यातून येणार? फोनचं सिम, आरोग्य विमा, जिकडे जावं तिकडे तो बावीस अक्षरांचा खाते क्रमांक आधी. आणि पोरगी आपलेच अकरा लाख रुपये कुलपात ठेवून, इथून भरून नेलेल्या फॉरेक्स कार्डावर ब्रेड आणि अंडी विकत घेतेय.

नोंदणीच्या फॉर्मवर धर्म विचारला होता. तिथे चर्चचा सदस्य असलेल्याकडून सरकारच चर्चचा कर गोळा करतं, तिच्या राज्यात आयकराच्या ८ टक्के, म्हणून तो रकाना. ताईने लगेच विचारलं, "हिंदू लिहिलंस ना?" भाची म्हणाली, "अगं, त्यांना फक्त कर घेणाऱ्या चर्चशी मतलब असतो. बाकीच्यांनी काही लिहायची गरज नाही. मी रिकामं सोडलं." "रिकामं?" ताई म्हणाली. ते तिला अजून पचलेलं नाही.

आमच्या वेळी खात्याच्या फॉर्मवर सगळ्यात महत्त्वाचा रकाना वेगळाच होता. नाव, पत्ता, धंदा, सगळं वर. पण मी फॉर्म हातात घेतला की नजर आधी खाली जायची. इंट्रोड्युसर. या बाईला किंवा या बुवाला मी अमुक इतकी वर्षं ओळखतो, खाली सही, शेजारी खाते क्रमांक. सही करणाऱ्याचं आपल्या शाखेत निदान सहा महिने जुनं, नीट चाललेलं खातं हवं. मग मी उठून स्पेसिमन कार्डांच्या लांबट लाकडी खणातून त्याचं कार्ड काढायची आणि दोन्ही सह्या शेजारी शेजारी धरून पाहायची. ती कार्डं कडेला पिवळी पडलेली असायची, बोटांना त्यांचा एक कुबट वास लागायचा, घरी जाऊन साबणाने हात धुतले तरी जेवताना यायचा. लोकांना वाटायचं ही बँकेची नसती उठाठेव आहे. तसं नव्हतं. चोरलेला चेक कुणी खोट्या नावाने खातं उघडून वटवला, तर बँकेला १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३१ चं संरक्षण तेव्हाच मिळतं जेव्हा ती निष्काळजीपणाने वागलेली नसते. आणि ओळखीशिवाय खातं उघडणं हा कोर्टाच्या लेखी निष्काळजीपणाच होता. सीएआयआयबी या बँकवाल्यांच्या परीक्षेसाठी हे कलम आम्ही लोकलमध्ये उभ्याने पाठ केलं होतं. म्हणजे तो रकाना होता बँकेच्या भीतीपोटी. पण त्यातून गिरगावात जे काही घडत होतं त्याचा भीतीशी फारसा संबंध नव्हता.

आमच्या शाखेत एक दप्तरी होते. सगळे त्यांना मामा म्हणत, मॅनेजरसुद्धा. सकाळी तळघरातून लेजरं वर आणायची, संध्याकाळी खाली न्यायची, व्हाउचरं शिवायची, हे त्यांचं काम. डाव्या खांद्यावर लेजर टाकून जिना चढायचे, तो खांदा उजव्यापेक्षा थोडा खाली गेला होता. त्यांचं पगाराचं खातं आमच्याच शाखेत होतं, आणि माझ्याकडे येणाऱ्या फॉर्मांपैकी निम्म्यांवर इंट्रोड्युसर म्हणून त्यांचीच सही असायची. भुलेश्वरच्या फुलवाल्या, वाडीतल्या घरांत धुणीभांडी करणाऱ्या बाया, इस्त्रीवाला, पाटी घेऊन केळी विकणारी. ज्यांना बँकेत खातं असलेलं कुणी माहीत नव्हतं अशा सगळ्यांना मामा माहीत होते. सही वळणदार मोडीसारखी, शेवटी एक लांब रेघ. मॅनेजर चिडायचे. "मामा, एक दिवस तुम्ही आम्हाला बुडवणार." मामा म्हणायचे, "साहेब, बाई रोज पहाटे भायखळ्याहून भाजी आणती. पळून कुठं जाईल?"

तसे ते भोळे नव्हते. आधी गाव विचारायचे, मग गाव सांगितलं की त्या गावचा माणूस कुठे बसतो ते विचारायचे. टोपली कुठे लावतेस, किती वाजता, शेजारी कोण बसतं. आणि दुसऱ्या दिवशी कामावर येताना वाकडी वाट करून तिथून जायचे, बाई खरंच बसली आहे का पाहायला. मगच सही. आता बँका या कामाला ड्यू डिलिजन्स म्हणतात आणि त्यासाठी वेगळा विभाग काढतात. एकदा मात्र मामा फसले. एका माणसाने त्यांच्या सहीवर खातं उघडलं, कुठला तरी चेक भरला, पैसे उचलले आणि गेला. मामांना मॅनेजरच्या केबिनमध्ये बराच वेळ उभं राहावं लागलं. लेखी खुलासा मी लिहून दिला, त्यांनी खाली तीच लांब रेघ ओढली. मग काही दिवस ते माझ्या काउंटरकडे फिरकले नाहीत. एका सोमवारी आले, मागे एक हिरव्या लुगड्यातली बाई. "हिची सही करतो," म्हणाले, आणि पेनासाठी हात पुढे केला.

मामांच्या आठवणीत रमून जाणं फार सोपं आहे. मी तसं करत नाही, त्याला कारण माझे बाबा.

बाबा संगमेश्वराकडचे. बोटीने भाऊच्या धक्क्याला उतरले आणि लालबागला गावाच्या मंडळाच्या खोलीत दाखल झाले. खोलीत ट्रंका जास्त, माणसं त्याहून जास्त. पाळीप्रमाणे झोपायचं, एकाची दिवसपाळी सुटली की दुसऱ्याची वळकटी उचलायची. पगार गिरणीत रोख मिळायचा, महिन्याला एक मनीऑर्डर गावी जायची, खानावळवालीचे पैसे द्यायचे, उरलं तर ट्रंकेत. १९६९ साली १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि हळूहळू त्या दारांतून आत जायला आपल्याला कुणी हटकणार नाही असं गिरणगावात लोकांना वाटायला लागलं. बाबाही गेले. बँकेने ओळख मागितली. खोलीतल्या कुणाचंच खातं नव्हतं. बँकेत खातं असलेला एकच माणूस बाबांना माहीत होता, नाक्यावरचा किराणा दुकानदार, ज्याच्याकडे खोलीची उधारी चालायची.

त्याने सही केली. हसत हसत केली, चहाही पाजला. आणि त्यानंतर बाबांनी कित्येक वर्षं दुसऱ्या दुकानात पाय ठेवला नाही. आम्ही गिरगावात राहायला आलो तरी महिन्याचं वाणसामान लालबागहून यायचं. पलीकडच्या गल्लीत ग्राहक सहकारी भांडार निघालं, तिथे तूरडाळ स्वस्त, आई रोज सांगायची. बाबा ऐकून घ्यायचे आणि पहिल्या रविवारी पिशव्या घेऊन लालबागला जायचे. दुकानदार कधी काही म्हणाला नव्हता. म्हणायची गरजही नव्हती. डाळीत खडे निघाले तर आई ताटात एका बाजूला ओळीने मांडून ठेवायची, बाबांना दिसतील असे. ते खाली मान घालून जेवायचे. या मिंधेपणाचं व्याज कुठल्याही पासबुकात भरलं गेलं नाही, पण बाबांनी ते चुकतं केलं.

म्हणून बँकांनी माणसाऐवजी कागद मागायला सुरुवात केली तेव्हा मला बरं वाटलं होतं. रिझर्व्ह बँकेच्या केवायसीच्या सूचना २००२ साली आल्या, २००४ मध्ये त्या आणखी पक्क्या झाल्या. फोटो, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा. पुढे रिझर्व्ह बँकेने बँकांना स्पष्टच सांगितलं की इंट्रोड्युसरचा आग्रह धरू नका. मामा तोवर निवृत्त होऊन गावी गेले होते. २८ ऑगस्ट २०१४ ला जनधन योजना सुरू झाली, तेव्हा आमच्या शाखेबाहेर फुटपाथपर्यंत रांग गेली होती. बाया आधार कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पिशवी पोलक्यात खोचून यायच्या. कुणाबरोबर मामा नव्हते, कुणाला दुकानदाराला हसून दाखवायचं नव्हतं. एक बाई फॉर्म भरून झाल्यावर मला म्हणाली, "आता सही कुणाची आणू?" मी म्हटलं, कुणाचीच नको. तिचा विश्वास बसेना. तिने दुसऱ्या काउंटरवर जाऊन पुन्हा विचारलं.

ती रांग आठवली की वाटतं, आपण बरोबर दिशेने चाललो होतो. आणि भाचीच्या नोंदणीचा तो कागद पाहिला की वाटतं, कुठे चाललो होतो? तिने मला त्याचा फोटो पाठवला होता. एक पानी, साधा. घराचा पत्ता, राहायला आल्याची तारीख, राहणाऱ्यांची नावं आणि खाली घर देणाऱ्याची सही. २०१५ च्या नोव्हेंबरपासून तिकडे तो सक्तीचा आहे. मी तो मोठा करून पाहिला, आणि मला आमचाच रकाना दिसला. कुणीतरी सही करून सांगायचं, हो, ही इथे आहे. फरक एवढाच की मामा सहीबद्दल काही घेत नव्हते, दुकानदार नकळत घेत होता आणि घरमालक आधीच भाडं आणि अनामत घेऊन बसलेला असतो. बँक म्हणते, आम्हाला माणसांची ओळख नको, कागद आणा. कागद घरमालकाच्या हातात.

भाचीच्या बाबतीत तर घरमालकही थेट नव्हता. खोली तिने एका मुलीकडून मार्चपर्यंत पोटभाड्याने घेतलेली. ती मुलगी वाईट नाही, पण तिला मालकाची परवानगी काढायला हवी होती आणि मालकाला ईमेल लिहायचं ती आज-उद्या करत होती. हे ऐकताना मला एकदम आमच्या इमारतीतल्या मुली आठवल्या. दुसऱ्या मजल्यावर एक काकू पेइंग गेस्ट ठेवतात. लातूर, सांगली, जळगावच्या मुली, कुणी नर्स, कुणी सीएची आर्टिकलशिप करणारी. महाराष्ट्रात भाडेकरार लेखी करून नोंदवणं कायद्याने बंधनकारक आहे. पण काकू कशाला नोंदवतील? 'मी काय भाडेकरू ठेवलेत का, मुलींना घरच्यासारखं ठेवते,' हे त्यांचं उत्तर. एक मुलगी मला विचारायला आली होती, पगाराचं खातं उघडायचंय, पासपोर्ट नाही, आधारवर गावचा पत्ता आहे, काय करू? तिच्या हॉस्पिटलने पत्र दिलं म्हणून भागलं. मुंबईत यायला व्हिसा लागत नाही, एवढाच काय तो फरक.

मग मी माझ्या पद्धतीने शोधाशोध केली. रिकामी बाई, हातात फोन, भाषांतराचं बटण. जर्मनीत २०१६ पासून कायदा आहे की युरोपीय संघात कायदेशीरपणे राहणाऱ्या कुणालाही बँकेला साधं खातं नाकारता येत नाही. बेघर माणसालाही नाही, आश्रय मागायला आलेल्यालाही नाही. अर्ज पूर्ण असेल तर दहा कामाच्या दिवसांत खातं द्यावं लागतं. वाचून मला त्या देशाचं कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू. आपली जनधन आणि त्यांचा हा कायदा एकाच जातीचे. मी भाचीला ते पाठवलंही. पण तोवर खोली देणाऱ्या मुलीने मालकाची सही आणली होती, नोंदणी झाली होती, खातंही एका बँकेने दिलं होतं. अडलं होतं ते कार्ड. आणि तिथे कोणता कायदा कामाला येणार? खात्याचा हक्क कायद्याने मिळतो, कार्ड पोस्टाने येतं. बेघर माणसाला तिथे एखाद्या संस्थेचा पत्ता टपालासाठी वापरता येतो. म्हणजे त्याच्यासाठीही शेवटी कुणीतरी आपल्या पेटीत जागा करून द्यावी लागतेच.

आमच्या इमारतीच्या खालच्या बोर्डवर अजून बाबांचं नाव आहे. काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं, तिसरा मजला. बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली, फ्लॅट माझ्या नावावर झाला, सोसायटीच्या सगळ्या पावत्या माझ्या नावाने येतात, पण बोर्डवर बाबाच. मीही कधी बदलायला सांगितलं नाही. पहिल्या मजल्यावरचं कुटुंब अकरा-अकरा महिन्यांचे करार करत इतकी वर्षं राहतंय की त्यांचा मुलगा इथेच पहिलीत गेला आणि आता दहावीला आहे. बोर्डवर त्यांचं नाव नाही. भाडेकरूंची नावं लावायची नाहीत असा सोसायटीचा ठराव आहे. एकदा विषय निघाला तेव्हा सेक्रेटरी म्हणाले, उगाच हक्क लागतो. पण त्यांचं एकही पाकीट कधी परत गेलेलं नाही. वॉचमन घेतो, पोस्टमनला मुलाची इयत्तासुद्धा माहीत आहे. तिकडे पेटीवर नाव नसेल तर तुम्ही नाहीच, आणि नाव लागलं की तुम्ही इतरांइतकेच. इकडे नावाशिवाय सगळं चालतं, फक्त नाव लागत नाही. यातलं कुठलं बरं हे मी ताईशी बोलताना एक सांगते आणि भाचीशी बोलताना दुसरं.

पेटीवर भाचीच्या नावाची पट्टी लागली ती अशी: खोली देणाऱ्या मुलीने आधी सांगितलं, इमारतीच्या व्यवस्थापनाला कळवायला लागेल, पट्ट्या सगळ्या एकसारख्या छापलेल्या असतात. मग तीच एका संध्याकाळी म्हणाली, जाऊ दे, आणि कागदाची पट्टी छापून, वर पारदर्शक टेप लावून दोघींनी ती चिकटवली. फोटो आला. दोन आडनावं ठसठशीत, आणि खाली आमचं, जागेत बसावं म्हणून बारीक अक्षरांत. एक अक्षर चुकलेलं होतं. ताई म्हणाली, दुरुस्त करून घे. मी म्हटलं, राहू दे, पोस्टमनला पुरेसं आहे. पुरलंही. कार्ड आलं, पिन वेगळ्या पाकिटातून नंतर आला, मध्येच कुठे तरी अडकलेलं अकरा आकडी कर क्रमांकाचं पत्रही येऊन पडलं. पहिले ९९२ युरो जमा झाले त्या दिवशी तिने फोन केला नाही, नुसता स्क्रीनशॉट पाठवला. त्यातून ती आधी खोलीचं भाडं देऊन मोकळी झाली. आता ती त्या मुलीच्या मांजराला सुट्टीच्या दिवसांत सांभाळते, तिच्यासाठी शनिवारी पोहे करते. मी विचारलं, तुला आवडतं म्हणून करतेस ना? "हो गं," ती म्हणाली, "असं का विचारतेस?" बाबांच्या डाळीची गोष्ट तिला माहीत नाही. मी सांगितलीही नाही.

तिकडचं मार्गी लागलं आणि इकडचं निघालं. शाळेत असताना ताईने तिच्यासोबत उघडलेलं जोडखातं अजून साधं बचत खातंच आहे. परदेशी शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या माणसाला फेमा या परकीय चलनाच्या कायद्याखाली असं खातं तसंच चालू ठेवता येत नाही, ते एनआरओ, म्हणजे अनिवासी माणसाचं खातं, करून घ्यावं लागतं. ताईचं नाव दुसरं म्हणून राहू शकतं. पण व्याजावर ३० टक्के कर आणि वर सेस कापला जाईल हे मी सांगितल्यावर ताईने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच कापणार आहे. "माझ्या मुलीने इथे जन्म घेतला, इथेच सगळे पैसे भरले, आणि आता ती अनिवासी?" मी नियम समजावला. नियम समजावताना माझा आवाज आपोआप काउंटरवरचा होतो, ताईला तो अजिबात आवडत नाही. ऑनलाइन काही करायचं तर ओटीपी भाचीच्या इथल्या सिमवर येतो, ते सिम ताईच्या जुन्या फोनमध्ये, फोन देवघराखालच्या खणात. भाची तिकडून म्हणते, आई, आला का? ताई चष्मा शोधते. चष्मा मिळेपर्यंत वेळ संपते. पुन्हा पाठव म्हणते. तीनदा झालं की बँक खातं काही तासांसाठी बंद करते, आणि मग दोघी एकमेकींवर चिडतात.

म्हणून शाखेतच जायचं ठरलं आहे. परवा ताई म्हणाली, "तुझ्या ओळखीचं कुणी असेल ना तिथे? दोन शब्द सांग म्हणजे लवकर होईल." आमची बँक मधल्या विलीनीकरणांत दुसऱ्या बँकेत गेली, पाटी बदलली, काउंटरं नव्या प्लायवूडची झाली. मला तिथे आता पेन्शनर म्हणून हयातीचा दाखला द्यावा लागतो, तेव्हा काउंटरवरची मुलगी अंगठा मशीनवर ठेवायला सांगते आणि मान वर न करता म्हणते, झालं मॅडम. मी ताईला म्हटलं, ओळखीचं कुणी नाही. पासपोर्ट, व्हिसा, विद्यापीठाचं पत्र आणि तिकडच्या नोंदणीचा दाखला, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स काढ. प्रत्येक पानावर तिने सही करून स्कॅन पाठवलं तर चालेल की मूळ सही लागेल ते आधी फोन करून विचार. ताईने विचारलं. मूळ सहीच लागेल म्हणाले. आता भाची सह्या करून कागद पोस्टाने पाठवणार आहे, आणि मी तिला मार्चच्या आत पाठव म्हणून सांगितलंय, कारण मार्चमध्ये ती खोली सुटते आणि पत्ता बदलला की नोंदणीचा दाखला नवा काढावा लागेल.